साडेपाच तास मागे

माझ्या दुकानात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक बरोबर चालतं आणि दुसरं साडेपाच तास मागे. गिऱ्हाईक पाच मिनिटं टेकलं की सांगतंच, "शेठ, ते घड्याळ बंद पडलंय वाटतं." मी म्हणतो, चालू आहे. मग तो नीट निरखून बघतो, सेकंदाचा काटा फिरताना दिसतो, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की या माणसाकडे आपला कम्प्युटर टाकावा की नाही. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता सोडून दिलंय. ज्या बाईंमुळे ते घड्याळ तिथे लागलं, त्यांच्याबद्दल उभ्या उभ्या सांगता येत नाही.

विधातेबाई पहिल्यांदा दुकानात आल्या ते साल सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला माझं दुकान नवं होतं. सुटे भाग आणून कम्प्युटर जोडून द्यायचा, हा धंदा. माझं वय सव्वीस, आणि कम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं. ते मी लपवतही नसे.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यातून त्यांनी तीन फ्लॉप्या काढल्या. प्रत्येक फ्लॉपी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. हे चालेल असा कम्प्युटर हवा, म्हणाल्या. मी सुरू झालो. प्रोसेसर अमुक, रॅम तमुक, हार्ड डिस्क एवढी, मॉनिटर तेवढा, एका दमात. बाईंनी पर्समधून वही काढली, पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. एक आकडाही चुकला नव्हता. मग वही मिटून म्हणाल्या, आता तू सांग, मी काय मागितलं?

मी म्हटलं, कम्प्युटर.

"तो सगळेच मागतात. तू ऐकलंस, घेतलं नाहीस."

मला राग आला. खरं सांगतो, अशा गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचो. पण बाई स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी मला पहिल्यापासून सांगितलं. मी ऐकत राहिलो, कारण तो आवाजच ऐकत राहावा असा होता. ना मोठा, ना बारीक. प्रत्येक अक्षर सुटं, वेचून ठेवल्यासारखं.

तो आवाज कुठला होता ते नंतर कळलं. बाईंनी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर बावीस वर्षं काढलेली. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एके काळी नाशिकहून परगावी बोलायचं तर फोन बुक करून बसावं लागायचं, आणि मधे एक बाई असायची. त्या बाईने नंबर चुकीचा घेतला तर कुणाच्या मयताचा निरोप भलत्याच्या घरी जायचा. म्हणून ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, ही त्यांची बोर्डावरची सवय. ती घरी आली, बाजारात आली, शेवटपर्यंत राहिली. भाजीवाल्याने मेथी दोन जुड्या म्हटलं की बाई म्हणणार, "मेथी, दोन, घेतलं." पंचवटीतले भाजीवाले त्यांना 'घेतलंबाई' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

रेडिओचा नाद त्यांना बोर्डावरच लागला. एका पावसाळ्यात इगतपुरीच्या घाटात खांब कोसळले आणि दोन दिवस सगळ्या लाइनी मुक्या. तेव्हा देवळालीतले एक म्हातारे गृहस्थ आपला रेडिओ घेऊन एक्स्चेंजमध्ये येऊन बसले आणि त्यांनी तारेशिवाय मुंबईला निरोप पोचवले. बाई त्यांच्या शेजारी बसून निरोप लिहून देत होत्या. त्या दोन दिवसांनंतर बाईंनी अभ्यास सुरू केला, मोर्सची कट्ट-कडकट्ट शिकल्या, मुंबईला जाऊन सरकारची परीक्षा दिली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हॅम रेडिओचा परवाना काढला. यजमान तोवर वारले होते, मुलगी कॉलेजात. सासरच्या माणसांनी विचारलं, हे काय नवीन? बाई म्हणाल्या, नवीन नाही, तेच काम आहे, फक्त आता मधे तार नाही.

हे हॅमवाले लोक स्वतःच्या घरातून, स्वतःच्या यंत्रावर, जगातल्या अनोळखी माणसांशी बोलतात. काय बोलतात? फारसं काही नाही. तुमचं नाव, माझं नाव, कसं ऐकू येतंय. 'कसं ऐकू येतंय' याला ते दोन आकड्यांत मार्क देतात. पाच-नऊ म्हणजे स्वच्छ आणि दणदणीत. बाई सगळ्याच गोष्टींना हे मार्क द्यायच्या. गवती चहा घातलेला चहा पाच-नऊ. शेजारच्यांच्या मुलाचं लग्नातलं भाषण चार-दोन. माझ्या त्या पहिल्या दिवसाच्या बडबडीला त्यांनी तीन-तीन दिले होते, हे मला वर्षभराने सांगितलं.

बोलणं झालं की दोघांनीही आपापल्या वहीत लिहायचं. कोण, कुठला, कोणती तारीख, किती वाजता. मग टपालाने एकमेकांना कार्ड पाठवायचं. त्याच्या वहीत आणि तुमच्या वहीत एकच वेळ असली तर भेट पक्की, नाहीतर झालीच नाही. आणि वेळ कुठली? तिथली नाही, इथली नाही, सगळ्या जगाची एकच, जी.एम.टी. म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शंभर देशांची अशी पक्की कार्डं जमली की एक प्रमाणपत्र मिळतं. बाईंना ते हवं होतं. स्पष्ट हवं होतं, 'मिळालं तर बघू' अशातलं नव्हे. त्या दिवशी त्यांच्याकडे चौऱ्याण्णव देशांची कार्डं होती. वह्या अकरा झाल्या होत्या आणि कुणाशी कधी बोललो हे शोधायला पानं उलटण्यात वेळ जात होता, म्हणून हा कम्प्युटर. फ्लॉप्यांवर वही ठेवायचा प्रोग्रॅम होता. परदेशातल्या एका हॅमने स्वतः लिहिलेला, टपालाने फुकट पाठवलेला.

रविवारी सकाळी मशीन घेऊन मी मखमलाबाद नाक्याजवळ त्यांच्या घरी गेलो. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. टेबलावर रेडिओ, भिंतीवर दोन घड्याळं, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात चक्क एक पोळपाट. त्याच्यावर स्क्रूने घट्ट बसवलेली मोर्सची कळ. नुसती कळ हाताखालून सरकते, पोळपाट जड, सरकत नाही. बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं की जगभर असंच करतात की काय असं मला वाटलं.

खिडकीतून तार गच्चीवर गेली होती. ती तारही साधी नव्हे. बाईंचे धाकटे भाऊ तात्या मखमलाबादला शेती करायचे, भाजीपाला आणि थोडी द्राक्षं. द्राक्षाच्या मांडवाची उरलेली तार बाईंनी मागून आणली होती. तिला बांधायला बांबूही तात्यांचाच. तो उभा करताना तात्या खालून म्हणाले होते, "आक्का, लय उंच झाला, ईज पडंल." बाईंनी वरून विचारलं, मांडवावर पडते का? नाय, तात्या म्हणाले. मग इथेही नाही पडणार, मांडवाचीच तार आहे. तात्या हे मला दर वेळी सांगायचे आणि दर वेळी तेवढंच हसायचे. पावसाळ्यात ढग आले की मात्र बाई तार रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकत. चेष्टा वेगळी आणि काम वेगळं.

मी कम्प्युटर जोडला, सुरू केला आणि कॉलर ताठ करून उभा राहिलो. बाईंनी कानाला हेडफोन लावला आणि म्हणाल्या, बंद कर. का? तुझं मशीन कुरकुरतंय. मी म्हटलं, माझं मशीन कुरकुरत नाही. त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. कानात नुसती घरघर. बटण बंद केलं तर शांत, आणि त्या शांततेत कुठूनतरी लांबून, अगदी बारीक, कुणीतरी कट्ट-कट्ट करत होतं. चालू केलं की तो बुडाला. माझ्या मशीनने माझ्यादेखत एक माणूस गिळला. मग मी मुकाट्याने दुकानात जाऊन जुन्या मॉनिटरमधल्या काळ्या लोखंडी कड्या काढून आणल्या, वायरी त्यातून गुंडाळल्या आणि घरघर उतरली. बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, चार-सात. पहिल्या दिवसासाठी बरं आहे.

प्रोग्रॅम टाकताना तिसरी फ्लॉपी अडकली. वाचताच येईना. माझा चेहरा पडला, पण बाई उठल्या आणि दुसऱ्या डब्यातून तिच्या दोन नकला घेऊन आल्या. मग प्रोग्रॅमने विचारलं, तुमची वेळ जी.एम.टी.च्या किती तास पुढे? मी साडेपाच टाकलं, घेईना. टिंब देऊन बघितलं, स्वल्पविराम देऊन बघितलं, नुसतं बीप करायचं. ज्याने तो लिहिला त्याच्या देशात अर्ध्या तासाची भानगडच नसावी. पाच चालायचं, सहा चालायचं, मधलं काही नाही. मी म्हटलं, बाई, पाच टाकू. अर्ध्या तासाने काय होतंय?

"तो अर्धा तास मी कुणाच्या वहीतून काढून आणू?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं आणि म्हणाल्या, त्याला आपली वेळ सांगायचीच कशाला? कम्प्युटरचंच घड्याळ जी.एम.टी.ला लाव आणि फरक शून्य सांग. एवढं साधं होतं. मला सुचलं नव्हतं याची मला इतकी लाज वाटली की परत येताना मी स्कूटरवर स्वतःशी भांडत आलो. बाईंनी मात्र लगेच एक चिठ्ठी लिहून कॅबिनेटच्या अंगावर चिकटवली. उभं, सरळ अक्षर. 'घड्याळाला हात लावू नये.'

अकरा वह्या त्यांनी स्वतः टाइप केल्या, सात महिन्यांत. मी अधूनमधून जायचो, कधी काम असायचं, कधी गवती चहा. एकदा वहीत एक नोंद दिसली. आफ्रिकेतला एक देश, त्यांच्याकडे नसलेला, आणि त्या माणसाच्या खुणेतल्या, म्हणजे सरकारने प्रत्येक हॅमला दिलेल्या अक्षर-आकड्यांच्या नावातल्या, एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. त्या क्षणी शेजारी मिक्सर लागला होता, एक अक्षर गेलं. बाकी सगळी खूण बरोबर. मी म्हटलं, अंदाजाने टाका की एखादं अक्षर आणि पाठवा कार्ड, लागला तर लागला, कोण बघायला येतंय. बाईंनी मान वर केली. तो बघतो ना, म्हणाल्या, पलीकडचा. प्रश्नचिन्ह तसंच कम्प्युटरात गेलं. तो देश मोजला गेला नाही.

दोन हजार साल उजाडेपर्यंत नव्व्याण्णव झाले. एकच राहिला. आणि तिथे सगळं अडलं. बाईंच्या तारेच्या टप्प्यात उरलेले देश असे होते की जिथे माणूसच नाही, कारण हॅमवाले ओसाड बेटही देश म्हणून मोजतात, किंवा असला तर त्याच्याकडे रेडिओ नाही. बाई घाईला आल्या नव्हत्या, पण रोज पहाटे साडेचारला उठून बसायच्या. पहाटे दूरचे आवाज बरे येतात म्हणे.

त्या वर्षी गणपती उठल्यावर त्यांचा निरोप आला, कम्प्युटर रोज चालू केला की तारीख विसरतोय. मदरबोर्डवरचा सेल गेला असणार. मी गेलो, कॅबिनेट आडवं घातलं, नाण्याएवढा सेल बदलला. दहा मिनिटांचं काम. बाई खाली चहा टाकत होत्या. मी तारीख घातली, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ घातली, चहा घेतला आणि आलो.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. दिवसाला चार मशीनं दुरुस्त करणारा माणूस मी, वेळ घालताना हात आपसूक मनगटाकडे जातो. चिठ्ठी होती, पण कॅबिनेट आडवं होतं आणि चिठ्ठी खालच्या अंगाला.

जानेवारीत दक्षिणेकडच्या एका ओसाड बेटावर काही हॅमवाले जहाजाने जाऊन तंबू ठोकून बसले. दोन आठवडे. पुन्हा कधी कुणी जाईल सांगता येत नाही असं ते ठिकाण. बाई रोज पहाटे हाका मारायच्या, पण त्या बेटाला जगभरातून हजारो लोक एकदम हाका मारत होते. तेरा दिवस गेले. शेवटच्या पहाटे, पाचला नऊ कमी असताना, पलीकडून त्यांची खूण परत आली. अख्खी, एकही अक्षर न गाळता. बाईंनी दुकानात फोन केला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप दिलेल्या बाई, स्वतःचा निरोप देताना अडखळल्या. शंभर झाले, एवढंच म्हणाल्या. मी उठून शेजारच्या दुकानातून पेढे आणवले.

कार्ड बाईंनी स्वतः टपालाने पाठवलं, सोबत परतीचं पाकीट. तारीख आणि वेळ प्रोग्रॅमने छापून दिली होती.

मार्चमध्ये एके सकाळी तात्या बाजारात माल टाकून परत जाताना दुकानात डोकावले. टोपी काढून हातात घेतली, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"आक्कानं रेडिओ बंद ठिवलाय," म्हणाले. "पंधरा दीस झालं. पोळपाट खाली नेला सैपाकाला."

पोळपाटाचं ऐकलं आणि मी हातातलं काम तसंच ठेवलं. प्रिंटरची रिबन द्यायच्या निमित्ताने मी लगोलग गेलो. बाईंनी दार उघडलं, चहा केला, तात्यांच्या कोबीबद्दल बोलल्या. मग मीच विचारलं तेव्हा एक पाकीट पुढे केलं. त्यांचंच कार्ड परत आलं होतं. सोबत तिथल्या माणसाची चार ओळींची चिठ्ठी, अगदी सभ्य. तुम्ही लिहिलेल्या तारखेला बेटावर कुणी नव्हतं. आमचा मुक्काम आदल्या दिवशीच हलला, त्या वेळी आम्ही जहाजावर होतो. कुणीतरी आमच्या नावाने तुमची चेष्टा केली असावी, वाईट वाटतं.

बाईंना चेष्टेचं दुःख नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपला कान गेला. त्या पहाटेचा आवाज खरा होता अशी त्यांची खात्री होती, आणि तीच खोटी ठरली होती. खरा आणि खोटा मला कळत नसेल, म्हणाल्या, तर मी तिथे कशाला बसायचं? कम्प्युटरात ती नोंद त्यांनी रद्द करून टाकली होती. शंभराचे परत नव्व्याण्णव.

काहीतरी हाताला काम हवं म्हणून रिबन बसवायला वर गेलो, कम्प्युटर लावला. पोळपाट नव्हता, तिथे टेबलावर तीन पायांचे गोल डाग होते. प्रोग्रॅम उघडला. वरच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, अकरा वीस. मी सहज मनगटावर बघितलं. अकरा वीस.

भिंतीवर डावीकडच्या घड्याळात अकरा वीस, उजवीकडच्यात सहाला दहा कमी. आणि कॅबिनेटवर ती चिठ्ठी, उभ्या सरळ अक्षरात.

मनात पहिलं काय आलं तेही सांगून टाकतो. वेळ साडेपाच तास मागे करायची, खाली यायचं, आणि म्हणायचं की सेल परत गेला होता, मशीनचा दोष. कुणाला कळलं नसतं. बाईंना तर नाहीच. हात कीबोर्डवर ठेवलाही होता.

मग खाली गेलो. बाई कपबश्या विसळत होत्या. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. सेल, चहा, मनगट, सगळं. भराभर, एका दमात, त्या पहिल्या दिवशी बोललो होतो तसं. बाईंनी नळ बंद केला.

"परत सांग."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. परत सांगणं फार जड गेलं. यावेळी एकेक शब्द सांगितला. सेल बदलला त्या दिवशी मी वेळ इथली घातली. म्हणून पहाटे चार एक्कावन्न पडले. जी.एम.टी.ने ते आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा एकवीस होतात. तेव्हा ते लोक बेटावर होते. तुमचा कान चुकला नाही, माझा हात चुकला.

बाईंनी पदराला हात पुसले. "गणपती उठले त्या दिवसापासूनच्या सगळ्या वेळा आपल्या. तो खरा होता. घेतलं," म्हणाल्या. आणि मग तिथेच भिंतीला टेकून, डोळे मिटून, जरा वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही रडणं म्हणता येईल की नाही कोण जाणे.

मी विचारलं, सहा महिन्यांत तुमच्या लक्षात कसं आलं नाही? नजर तर घारीची. बाई म्हणाल्या, "तू हात लावलेलं मी तपासत नव्हते." बस्स. नंतर कुणी मला केवढं घालूनपाडून बोललं तरी ते या वाक्याइतकं लागलं नाही.

त्या प्रोग्रॅमला सगळ्या वेळा एकदम मागे सरकवता यायच्या, पण पूर्ण तासांनीच. तो अर्धा तास पुन्हा आडवा आला. तेव्हा चारशे अकरा नोंदी हाताने बदलायच्या, वेळ आणि लागेल तिथे तारीखही. तीन रविवार बसलो. बाई वाचायच्या, मी टाइप करायचो आणि परत म्हणून दाखवायचो. दुसऱ्या रविवारपर्यंत मीही नकळत 'घेतलं' म्हणायला लागलो. ज्यांना ज्यांना चुकीची कार्डं गेली होती त्या प्रत्येकाला बाईंनी नवं कार्ड लिहिलं. बेटवाल्यांना पत्रही. ते त्यांनी मला वाचायला दिलं. माझ्या स्टेशनवरचं घड्याळ चुकीच्या वेळेला लावलेलं होतं, चूक माझी आहे, कृपया आदल्या दिवसाचं पान पाहावं. मी म्हटलं, यात माझं नाव घाला. मी केलंय ते.

"स्टेशन माझं आहे. सही माझी असते."

उत्तराला अडीच महिने लागले. त्या काळात पोळपाट स्वयंपाकघरातच होता. मी दर आठवड्याला या ना त्या निमित्ताने चक्कर टाकायचो आणि आधी त्याच्याकडे बघायचो. बाई चेष्टा करायच्या, माझ्या पोळ्या मोजायला येतोस का? पण त्यांचीही नजर पोस्टमनच्या सायकलकडे असायची.

जूनमध्ये पाकीट आलं. कार्डावर काळे खडक, बर्फ आणि थंडीत उभे राहिलेले पक्षी. मागे बाईंची खूण, तारीख आदल्या दिवसाची, वेळ अकरा एकवीस. खाली पेनाने दोन ओळी होत्या. तुम्ही आमच्या वहीत पहिल्यापासून होता. आम्ही तार उतरवली त्याआधी बोललेल्यांत शेवटून चौथ्या तुम्ही.

मला बोलावून बाईंनी ती नोंद माझ्याकडून पक्की करवून घेतली. कीबोर्डवरची कळ मीच दाबायची असा हट्ट. नव्व्याण्णवचे शंभर झाले. मी मागे वळून बघितलं तर बाईंचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. त्या जमिनीवर फतकल मारून, मांडीवर पोळपाट घेऊन, कळीचे स्क्रू पिळत होत्या.

प्रमाणपत्र यथावकाश आलं. ते त्यांनी कपाटाच्या दाराला आतून लावलं. भिंतीवर जागा नाही, म्हणाल्या. भिंतीवर घड्याळं होती.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलीने त्यांना कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. तिथे फ्लॅटच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी बाईंनी जायच्या आधीच सोसायटीकडून लेखी घेतली होती. कम्प्युटर नवा, प्रोग्रॅम नवा, त्यात साडेपाच आता मुकाट्याने चालायचं. निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा दुकानासमोर थांबवून त्या आत आल्या. तेच बूट, हातात आता काठी. दुकानात गर्दी होती. मी काउंटरवरून बाहेर यायला लागलो तर हातानेच थांबवलं.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. दुसरं घड्याळ मी लावल्याचं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मनगट उलटं करून त्यांनी आपलं घड्याळ बघितलं, परत भिंतीवरचं बघितलं.

"दीड मिनिट मागे आहे."

मग पर्समधून आपलं एक कोरं कार्ड काढलं, काउंटरच्या काचेवर ठेवून पेन्सिलीने भरलं आणि माझ्याकडे सरकवलं. गर्दीतून वाट काढत, काठी टेकत, रिक्षात जाऊन बसल्या.

कार्डावर पलीकडच्या स्टेशनची खूण लिहायची जागा असते. माझ्याकडे परवाना नाही, कधी काढलाही नाही. तिथे त्यांनी उभ्या सरळ अक्षरात 'संजय, नाशिक' लिहिलं होतं. तारीख त्या दिवसाची. वेळ चार सत्तेचाळीस, जी.एम.टी. आणि कसं ऐकू आलं, त्या चौकटीत पाच-नऊ.

मी सगळ्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, स्टूल घेतलं आणि घड्याळ दीड मिनिट पुढे केलं. उतरलो तोवर रिक्षा चौक ओलांडून गेली होती.